मदत हवी आहे: दुसऱ्याच्या फोटोवर नेमकं काय बोलावं?

मंडळी, एका मैत्रिणीने पक्ष्यांचे फोटो पाठवून "खरं मत सांग" म्हटलंय. "मस्त!" म्हणून सुटता येईल, पण तिला ते नकोय. तांत्रिक बाबी दिसतात: उडत्या पक्ष्याला शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२५० सेकंद ठेवलंय, १/२००० च्या आसपास हवं होतं, एकात फोकस डोळ्याऐवजी फांदीवर गेलाय, पांढरी पिसं ओव्हरएक्स्पोज (जास्त प्रकाशाने फटफटीत) होऊन तपशीलच उडालाय. हे सांगणं सोपं. अडतंय पुढे. पंख पुसट आलेला एक फोटो मला सगळ्यांत जिवंत वाटतो, आणि ती नेमका तोच डिलीट करायला निघालीय! आधी तिला काय टिपायचं होतं ते विचारू, की थेट मत देऊ? आणि न मागता क्रॉप सुचवणं आगाऊपणा ठरतो का?