मदत हवी आहे: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आजी-आई-लेकींच्या कादंबऱ्या

नमस्कार मंडळी,

ललिता टॅडेमी यांची 'केन रिव्हर' (२००१) परवा संपवली, पण मन अजून तिथेच अडकलंय. लुइझियानातल्या एकाच घराच्या चार पिढ्या: एलिझाबेथ, सुझेट, फिलोमीन, एमिली. सुरुवात गुलामगिरीतली. लेखिकेने मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून स्वतःच्याच घराण्याचा माग काढला; एमिली ही तिची सख्खी पणजी. पुस्तकात जुने फोटो आणि कागदपत्रंही आहेत. ते पाहताना मी कितीतरी वेळ पान उलटू शकले नाही. पोरांना विकलं जाऊ नये म्हणून आईने काय काय सोसायचं!

आता याच वळणाचं आणखी वाचायचं आहे. मार्गारेट वॉकर यांची 'ज्युबिली' (१९६६) मागवली आहे, तीही लेखिकेच्या पणजीवर बेतलेली. कुणी वाचली आहे का? त्यातली बोली जड जाते का?

मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियाकडची कुठलीही चालेल. फक्त मळेवाल्यांच्या वैभवाचे उसासे नकोत. घर बायकांच्या नजरेतून दिसायला हवं. मराठी अनुवाद असेल तर जरूर सांगा, आईलाही वाचायला द्यायचा आहे.