मदत हवी आहे: बोन ग्राफ्टसाठी (जबड्यात हाडाची भर घालायला) कुठली पूड घ्यावी?

नमस्कार मंडळी. आईची खालची दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढली होती. आता तिथे इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) बसवायचं म्हटलं, तर सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये) हाडाची रुंदी अपुरी निघाली. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरातच तिथलं हाड रुंदीला जवळपास निम्म्यापर्यंत झिजू शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं!

डॉक्टर म्हणतात, हाडाची पूड भरून वर कोलॅजनचा पातळ पडदा घालू. हिरडीच्या पेशी हाडाच्या पेशींपेक्षा भराभर वाढतात, त्यांनी आत शिरून जागा बळकावू नये म्हणून तो पडदा; नंतर आपोआप विरघळतो. हे पटलं. अडलंय ते पुडीवर. स्वतःचं हाड घ्यायचं तर त्यात जिवंत पेशी असतात, पण दुसरीकडे जखम करावी लागते. गाईच्या हाडापासून केलेली पूड फार सावकाश विरते, त्यामुळे आकार टिकतो. आईला मात्र प्राण्याचं काही नकोच. कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचं विचारलं, तर 'चालेल' एवढंच उत्तर मिळालं.

कृत्रिम पूड वापरून ग्राफ्ट केलेलं कुणी आहे का? इम्प्लांट किती महिन्यांनी बसवलं? रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ (जखम भरायला मदत म्हणून घालतात तो गोळा) सोबत घातलं होतं का? आई पूर्वी हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेटच्या गोळ्या घ्यायची. डॉक्टरांना ते सांगितलंय. तसा अनुभव असणाऱ्यांनी तर जरूर लिहा. 'ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) करून टाका' हा सल्ला कृपया नको, त्यासाठी शेजारचे धडधाकट दात तासून घ्यायला ती अजिबात तयार नाही.