'सुगम्यता', 'सुलभता' आणि 'परस्परमेळ': अंध वापरकर्ते आणि संगणक

दादरकर: मुंबईतल्या एका संस्थेच्या संकेतस्थळासाठी मराठी नियमावली लिहितोय. 'ऍक्सेसिबिलिटी'ला कुणी सुलभता म्हणतं, कुणी सुगम्यता, कुठे 'प्रवेशयोग्यता'ही दिसतं. काय घ्यावं? आणि 'इंटरऑपरेबिलिटी'ला?

अक्षरमित्र: सुगम्यता घ्या. 2015च्या 'सुगम्य भारत अभियाना'मुळे शब्द रुळलाय. 'प्रवेशयोग्यता' वाचून कॉलेजची ऍडमिशन आठवते. सुलभता 'युझेबिलिटी'साठी राखून ठेवा.

फरक असा. फॉर्मवर स्थानकांच्या दोन याद्या आहेत. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, नुसतं म्हणतो, "कॉम्बो बॉक्स (निवडयादी), चर्चगेट". चर्चगेटहून निघायचंय की तिथे जायचंय? 'कुठून' आणि 'कुठे' ही अक्षरं शेजारी दिसतात, पण कोडमध्ये यादीशी जोडलेली नसतात. 'लेबल'च्या 'फॉर'मध्ये त्या यादीचा 'आयडी' घाला, की "कुठून, कॉम्बो बॉक्स, चर्चगेट" ऐकू येतं. आता ती सुगम झाली. बोरिवलीपर्यंत बाणाची कळ दाबत बसावं लागत असेल, तर सुलभ मात्र अजून नाही.

कळफलक: 'इंटरऑपरेबिलिटी'ला माझं मत 'परस्परमेळ'. 'आंतरकार्यक्षमता' कुणाला कळणार? ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्क्रीन रीडर बनवणारे वेगवेगळे. त्यांचं आधी ठरलेलं नसेल तर स्क्रीन रीडरला प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी खटपट करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या 1997च्या 'ऍक्टिव्ह ऍक्सेसिबिलिटी' या ठरलेल्या पद्धतीतून स्क्रीन रीडरला घटकाचं नाव, भूमिका, स्थिती, मूल्य कळायचं. पण मजकुरात कर्सर नेमका कुठे आहे, तक्त्यातला कप्पा कोणत्या ओळीतला, हे सांगायला ती अपुरी होती. ती उणीव भरणारं 'आयऍक्सेसिबल2' आयबीएमने 2006 मध्ये 'फ्री स्टँडर्ड्स ग्रुप' या खुली मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे सोपवलं, म्हणजे खुलं केलं. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर यांचा मेळ त्यावरच बसला. प्रतिस्पर्ध्यांनी एकच करार पाळणं, हा अर्थ शब्दात यायलाच हवा.

दादरकर: 'परस्परमेळ' पटला. मराठी पानांसाठी वेगळं काही?

अक्षरमित्र: दोन गोष्टी, दोन्ही फार महत्त्वाच्या. पानाची भाषा 'एमआर' (मराठी) अशी कोडमध्ये नोंदवा. डब्ल्यूसीएजीची, म्हणजे संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीची, ही अगदी पहिल्या, 'ए' पातळीची अट आहे. तिथे 'ईएन' (इंग्रजी) राहिलं तर इंग्रजी आवाज मराठी वाचायला घेतो आणि अक्षरं गाळतो किंवा त्यांची वाट लावतो. दुसरं, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. जुनी परिपत्रकं चढवण्याआधी युनिकोडमध्ये बदला, आणि बदलल्यावर रफार नि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच राहतात.