'मुख्य माहिती अधिकारी' म्हणजे नेमका कोण?

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठीतून लोकप्रशासन शिकवते. गेल्या आठवड्यात सरावासाठी एक प्रश्न दिला होता: 'अमेरिकेच्या संघीय खात्यातील मुख्य माहिती अधिकाऱ्याची कर्तव्ये स्पष्ट करा.' उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि निम्म्याहून अधिक मुलांनी एकच उत्तर लिहिलेलं दिसलं. नागरिकांचे अर्ज स्वीकारणे, ३० दिवसांत माहिती पुरवणे, नाकारायची असल्यास कारण कळवणे. एका मुलीने तर १० रुपयांचं शुल्क, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची मुदत, उशिराला रोज २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजारांचा दंड, हे सगळं ओळीने, एकही चूक न करता लिहिलं होतं. उत्तर अचूक, पण भलत्याच अधिकाऱ्याचं.

मुलांना दोष देता येईना. मी वापरलेला शब्दच त्यांना तिकडे घेऊन गेला. आपल्याकडे 'माहिती अधिकारी' म्हटलं की २००५चा माहिती अधिकाराचा कायदा आठवतो, आणि पुण्यात तर जास्तच. १२ ऑक्टोबर २००५ला हा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. 'माहिती अधिकार' आणि 'माहिती अधिकारी' यांत फरक एका वेलांटीचा. घाईत वाचणाऱ्याची नजर ती वेलांटी सहज ओलांडून जाते.

शिवाय त्या नावाची गर्दी बघा. 'जन माहिती अधिकारी' अर्जाला उत्तर देतो. 'जिल्हा माहिती अधिकारी' माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा, त्याचं काम शासनाच्या बातम्या वर्तमानपत्रांपर्यंत पोचवण्याचं. 'मुख्य माहिती आयुक्त' अपिलं ऐकतात. या तिघांच्या पंगतीत 'मुख्य माहिती अधिकारी' बसवला, तर तो जन माहिती अधिकाऱ्याचा वरिष्ठ असणार असंच कुणालाही वाटेल. इंग्रजीत ज्याला सीआयओ (चीफ इन्फर्मेशन ऑफिसर) म्हणतात, तो खात्याच्या माहितीचं आणि संगणक प्रणालींचं व्यवस्थापन बघतो. तो यांतला कुणीच नव्हे. मग त्याला मराठीत काय म्हणावं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, तुमचा अनुभव वाचून माझ्या कार्यालयातला एक प्रसंग आठवला. कार्यालयाचं नाव सांगत नाही. मी तिथे आवक-जावक सांभाळून नंतर अभिलेख कक्षात निवृत्त झालो. आमच्याकडे संगणक कक्षाच्या दारावर एकदा पाटी लागली, 'माहिती अधिकारी'. आत बसणारे साहेब सर्व्हर आणि जोडण्या बघायचे. दुसऱ्याच दिवसापासून त्या दाराशी अर्ज घेऊन माणसं उभी राहू लागली. मुळशीकडचे एक आजोबा सात-बाराच्या फेरफाराची नक्कल मागायला दोनदा एस.टी.ने आले. दोन्ही वेळा त्याच पाटीखाली बसले आणि दोन्ही वेळा आतून उत्तर मिळालं, 'ते माझ्याकडे नाही, खाली विचारा.' खाली कुठे, ते कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी मीच त्यांना हाताला धरून योग्य टेबलापाशी नेलं. त्यांच्या पिशवीत तो अर्ज चार घड्या घालून ठेवलेला होता, घडीवर कागद फाटायला आला होता. तेव्हापासून पदनामाकडे मी नुसता शब्द म्हणून बघू शकत नाही.

माझी सूचना: 'मुख्य दप्तरदार'. शिवकाळात वाकनीस होते, सुरनीस होते. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या राज्यव्यवहारकोशाच्या काळात वाकनिसाचा मंत्री झाला आणि सुरनिसाचा सचिव. म्हणजे पदाला आपलं नाव देणं आपल्याला नवं नाही. आणि पुण्यात राहून 'दप्तर' शब्दाचा मोठेपणा मी काय सांगावा? पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून आजही जपलेले आहेत. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यांतून निवडून ४५ खंड काढले. राज्याची सगळी माहिती कुठे आहे, कशी लावली आहे, कुणाच्या हाती आहे, हे जाणणारा तो दप्तरदार.

प्रतिसाद

'सूचना' शब्द कुणी सुचवायच्या आत लिहितो, कारण हिंदी मजकुरावरून मराठी करताना तो हमखास घुसतो. हिंदीत 'सूचना' म्हणजे माहिती. मराठीत आपण सूचना करतो, सूचना देतो, सूचना फलकावर लावतो. त्यात सांगणं, सुचवणं, आधी कळवणं आहे. 'राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र' हे नाव आता रुळलं, ते बदलायला नको. पण नवीन पदाला 'मुख्य सूचना अधिकारी' म्हटलं तर मराठी वाचकाला तो परिपत्रकं काढणारा वाटेल.

धागाकर्ती

काका, त्या आजोबांची हकिगत मी उद्या वर्गात सांगणार आहे. शब्द चुकला की माणसाचा एस.टी.चा दिवस फुकट जातो, हे मुलांना याहून नीट समजावता येणार नाही.

'दप्तरदार' मलाही मनापासून आवडला. कार्यालयात 'दप्तर तपासणी' आहे, 'दप्तर दिरंगाई'चा कायदा आहे, म्हणजे शब्द जिवंत आहे. तरी मी थांबले, कारण त्या अधिकाऱ्याची कर्तव्यं दप्तरात मावत नाहीत. ती थोडी सविस्तर लिहिते, शब्द ठरवायचा तर आधी काम डोळ्यांसमोर हवं.

अमेरिकेच्या संघीय खात्यांत हे पद १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने आलं. कायद्याच्या भाषेत त्याचं मुख्य काम 'माहिती संसाधनांचं व्यवस्थापन', आणि माहिती संसाधनं म्हणजे काय हेही तिथल्या कायद्याने सांगून ठेवलंय: माहिती, आणि तिच्याशी निगडित माणसं, साधनसामग्री, पैसा, तंत्रज्ञान. व्याख्येत पैसा आहे, माणसं आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हा अधिकारी खातेप्रमुखाला सल्ला देतो. खात्यातल्या सगळ्या प्रणाली एकमेकींशी जुळणाऱ्या आणि सुरक्षित राहतील असा आराखडा तयार करून तो चालू ठेवतो. हाती घेतलेल्या प्रकल्पाचं काम मोजतो आणि तो पुढे चालवायचा, बदलायचा की बंद करायचा, हे सांगतो. अर्धा खर्च होऊन गेलेला प्रकल्प 'बंद करा' म्हणून सांगणं हे त्याचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे! आपल्या कुठल्याही कार्यालयात हे वाक्य तोंडातून काढायला काय बळ लागतं, ते काकांना ठाऊक असेल. खात्यातल्या लोकांना या कामाचं किती ज्ञान आहे, कुठे प्रशिक्षण हवं, कुठे भरती हवी, हेही दर वर्षी तोच बघतो. सुरक्षेची जबाबदारी २००२च्या कायद्याने त्याच्यावर सोपवली, त्यासाठी त्याच्या हाताखाली स्वतंत्र सुरक्षा अधिकारी असतो. आणि २०१४च्या कायद्याने मोठ्या खात्यांत तंत्रज्ञानाच्या अंदाजपत्रकाला आणि खरेदीच्या करारांना त्याची मंजुरी लागू लागली. १९९६ला सल्ला देणाऱ्याच्या हाती १८ वर्षांनी सही आली.

नागरिकाच्या अर्जाला उत्तर देणं यात कुठेच नाही. अमेरिकेत त्यासाठी १९६६चा वेगळा कायदा आहे आणि खात्यांत त्याचं पदही वेगळं असतं.

म्हणून मला 'व्यवस्था' हा शब्द हवासा वाटतो. लग्नघरात आपण विचारतो ना, 'व्यवस्था कोण बघतंय?' त्यात मांडव आला, पंगत आली, पैसे आले, कोण कुठे उभं राहणार ते आलं, आणि रात्री दागिन्यांच्या खोलीला कुलूप घालणंही आलं. 'मुख्य माहितीव्यवस्था अधिकारी' म्हटलं की माहिती देणारा नव्हे, माहितीची व्यवस्था बघणारा, हे ऐकताक्षणी कळतं.

प्रतिसाद

मी हिंजवडीत नोकरी करतो. आमच्याकडे सगळे सरळ सीआयओ म्हणतात, कुणाचं काही अडत नाही. मुलांनाही तेच शिकवलं तर?

धागाकर्ती

कंपनीत अडणार नाही, कारण तिथे दुसरा कुठला 'माहिती अधिकारी' नाही. माझी मुलं उद्या तहसील कचेरीत, पंचायत समितीत बसणार आहेत आणि टिपणी मराठीत लिहिणार आहेत. सीआयओ हे लघुरूप त्यांना माहीत हवंच, वर्गात मी दोन्ही शब्द देईन. पण लघुरूपातून काम कळत नाही. अधिकारी नवा आला की हाताखालचे लोक पदनाम वाचूनच ठरवतात, याच्याकडे काय घेऊन जायचं.

प्रतिसाद

ताई, 'दप्तरदार' मागे घेतो. माझ्या मनात कागद होते, तुम्ही पैसा आणि माणसं दाखवलीत. फक्त एक विचारतो, 'माहिती व्यवस्था' तोडून लिहायचं की जोडून?

धागाकर्ती

जोडून, काका. समास आहे. आणि तोडून लिहिलं तर पाटी रंगवणारा 'मुख्य माहिती' एका ओळीत आणि 'व्यवस्था अधिकारी' खालच्या ओळीत लिहील. मग वरची ओळ वाचून पुन्हा कुणीतरी अर्ज घेऊन त्या दाराशी बसेल.