सरपंच मी, पण सभेत बोलतात आमचे 'हे'

प्रश्न (जव्हारकडून): मी वारली, सरपंच होऊन दीड वर्ष झालं. ग्रामसभेला बाया येतात, पण दाराशी, चपलांजवळ बसतात. रजिस्टरवर अंगठा उठवला की चालल्या भाताच्या आवणीला (लावणीला). वनहक्काच्या दाव्यावर (जंगलावरचा हक्क मागायचा अर्ज) एकीनेही तोंड उघडलं नाही. आमचे 'हे' मात्र खुर्ची ओढून माझ्या शेजारी! काय करू?

उत्तर: ताई, ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. ती पाड्यावर घ्या, संध्याकाळी. पंचायतीच्या हॉलमध्ये कोण बोलणार?

उत्तर: वनहक्काच्या सभेला २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांचा कोरम लागतो, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. ग्रामसेवकाला हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क (सगळ्या गावाचा मिळून जंगलावर हक्क) मिळाला, तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. बायांना वगळून सहमती कशी होईल? आणि भाऊजींना चहा सांगायला पाठवा.

प्रश्नकर्ती: पाठवलं! काल मोहाखाली बसलो, तेवीस जणी. डिंक कुठून आणतो, सरपण कुठलं, सगळं म्हाताऱ्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं. मी वहीत उतरवलं. आता नकाशावर गट नंबर कसे शोधायचे, ते कुणी सांगा.