मदत हवी आहे: बाबांची नवीन फुप्फुसं छान आहेत, पण श्वासाचा पडदाच (डायफ्राम, छाती आणि पोटामधला स्नायू) हलत नाहीये

नमस्कार. बाबा ६१ वर्षांचे, आयएलडी (फुप्फुसं जाड आणि कडक होत जाण्याचा आजार) होतं, चार महिन्यांपूर्वी चेन्नईला दोन्ही फुप्फुसं बदलली. आता आम्ही नाशिकला घरी आहोत. ब्रॉन्कोस्कोपीत (नळी घालून फुप्फुसं आतून तपासतात ती) रिजेक्शन नाही, म्हणजे शरीराने नवी फुप्फुसं नाकारलेली नाहीत, बसल्यावर ऑक्सिजन ९६-९७, पण आडवं झालं की पाच मिनिटांत धडपडून उठतात, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं म्हणतात. दोन महिने झाले आरामखुर्चीतच झोपतायत, मी शेजारी गादी टाकते. परवा पाठीवर झोपवून नीट बघितलं तर श्वास घेताना पोट वर यायच्या ऐवजी आत जात होतं, माझ्या पोटात गोळाच आला.

सोनोग्राफीत उजवा पडदा जवळजवळ हलत नाहीये, डावा पण कमीच. डॉक्टर म्हणाले की मानेतून पडद्याकडे येणारी फ्रेनिक नस ऑपरेशनमध्ये ताणली जाऊ शकते, फुप्फुसं थंड ठेवायच्या बर्फानेसुद्धा गारठू शकते, त्यात १९ दिवस व्हेंटिलेटर आणि वर स्टेरॉईड, त्यामुळे स्नायू गळालेत. नस सुधारायला कित्येक महिने, कधी वर्षभर लागतं म्हणाले. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावायला दिलंय पण बाबा तासाभरात मास्क ओढून काढतात. तीन बॉलचं स्पायरोमीटर रोज करतात, एकच बॉल वर जातो आणि मग दिवसभर गप्प बसतात. घरात कुणी या सगळ्यातून गेलंय का? मास्कची सवय कशी लावलीत? आणि त्या बॉलने ताकद खरंच वाढते का?

उत्तर १:
ताई, माझ्या भावाचं असंच झालं होतं, त्याची फक्त डावी बाजू. मास्क आधी दिवसा लावा, टीव्ही बघताना अर्धा तास, मग दुपारच्या झोपेला, एकदम रात्रीवर जाऊ नका. नाक कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर लावून मागा, आणि मास्कचा साईज परत बघून घ्या, आमचा मोठाच होता. बॉलने फुप्फुस फुलतं, ताकदीसाठी रेझिस्टन्सचं वेगळं उपकरण मिळतं, त्यात स्प्रिंगच्या विरुद्ध श्वास ओढायचा. पण आधी श्वास ओढायची ताकद मोजतात आणि साधारण तिच्या ३० टक्क्यांपासून सुरू करतात, स्वतःच्या मनाने नका लावू.

एक विचारते, सकाळी डोकं दुखतं का त्यांचं? किंवा दिवसा पेंगतात का?

धागाकर्ती:
हो, रोज सकाळी दुखतं, आम्हाला वाटलं जागरणाने.

उत्तर १:
मग थांबू नका, उद्याच ट्रान्सप्लांट टीमला फोन करा आणि एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू मोजायची तपासणी) करून घ्या. बोटावरचा ऑक्सिजन चांगला दिसतो तरी आत कार्बन डायऑक्साईड साठलेला असू शकतो, पडदा कमजोर असताना बायपॅप काढला की तो आणखी साठू शकतो. झोपेची गोळी कुणी सुचवली तरी देऊ नका, आणि नुसता ऑक्सिजन चढवू नका.

धागाकर्ती:
आत्ताच ट्रान्सप्लांट टीमच्या कोऑर्डिनेटरला मेसेज टाकला, सकाळी आठला इथल्या हॉस्पिटलमध्ये यायला सांगितलंय. बाबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, आज मास्क स्वतः हातात घेऊन बसलेत.