मला न विचारता नवीन फिक्स टॅरिफवर टाकलंय, असं करता येतं का? (युके)

रीडिंगकर
नमस्कार मंडळी, इंग्लंडमधे राहणाऱ्यांना विचारतोय. आमचं लाईट आणि गॅस एकाच कंपनीकडे आहे (नाव नको, उगाच वाद होतात), एक वर्षाचं फिक्स (युनिटचे दर वर्षभर ठरलेले) होतं ते १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सप्टेंबरच्या मध्यात साताऱ्याला गेलो ते दिवाळी करूनच आलो, सहा आठवडे घर बंद, बॉयलर बंद, फक्त फ्रिज चालू. आल्यावर बघतो तर ईमेल, तुम्ही आता आमच्या नवीन एक वर्षाच्या फिक्सवर आहात, अभिनंदन! अरे पण मी कुठे हो म्हणलो? वर डायरेक्ट डेबिट ११८ वरून १४९ पौंड. बायको म्हणतेय आधी बँकेतून डीडी बंद कर मग बोलू त्यांच्याशी. मला भीती ही की आता वर्षभर अडकलो आणि बाहेर पडायला दंड भरावा लागेल. कोणाला असा अनुभव आहे का?

स्लावकट्टा
पहिली गोष्ट, डीडी बंद करू नका, वहिनींना माझा निरोप द्या. डीडीने भरणाऱ्यांना दर कमी असतो, तो बंद केला की कंपनी तुम्हाला बिल आल्यावर भरणाऱ्यांच्या महागड्या दरात टाकू शकते, म्हणजे रागाच्या भरात आपलंच नुकसान.

आता मुद्दा. फिक्स संपल्यावर तुम्ही काहीच कळवलं नाही तर बहुतेक कंपन्या त्यांच्या स्टँडर्ड व्हेरिएबलवर (बदलत्या दराच्या टॅरिफवर) टाकतात, तोच तो ऑफजेमच्या, म्हणजे इकडच्या वीज-गॅस नियामकाच्या, प्राइस कॅपवाला (दराची कमाल मर्यादा). पण दुसऱ्या फिक्सवर टाकायलाही परवानगी आहे, दोन अटींवर: तो त्यांच्या व्हेरिएबलपेक्षा महाग नको आणि सोडताना एक्झिट फी नको. म्हणजे अडकलात वगैरे काही नाही. त्या ईमेलसोबत टॅरिफची माहिती देणारी पीडीएफ असेल, त्यात एक्झिट फीची ओळ शोधा आणि इथे सांगा.

आणि राग येऊ देऊ नका पण तुम्हाला आधी कळवलं असणार. फिक्स संपायच्या ४२ ते ४९ दिवस आधी पत्र किंवा ईमेल पाठवणं त्यांना बंधनकारक आहे, म्हणजे तुमच्या बाबतीत ऑगस्टचा शेवट, तुम्ही विमानात बसायच्या आधीच. प्रमोशन्सच्या टॅबमधे बघा.

तिरकस
आम्ही पिझ्झाच्या कूपनचे ईमेल उघडतो पण वर्षाला दीड हजार पौंड नेणाऱ्याचे नाही 😄 मी पण त्यातलाच, २०२२ ला असाच झोपलो होतो आणि तेव्हा कॅपच (सरासरी घराच्या वर्षाच्या बिलात) ३५४९ पौंडांवर गेलेला, सरकारने मधे पडून २५०० ला धरला म्हणून वाचलो.

रीडिंगकर
सापडलं! २९ ऑगस्टचा ईमेल, प्रमोशन्समधेच, एका बुटांच्या सेलच्या खाली. आणि पीडीएफच्या तिसऱ्या पानावर एक्झिट फी: नाही. जीव भांड्यात पडला. पण मग १४९ कशाचे? दर तर एवढे वाढलेले दिसत नाहीत. जुने, लाईट २३.१ पेन्स युनिट आणि स्टँडिंग चार्ज रोजचा ५३ पेन्स, गॅस ५.४ आणि ३०. नवीन, लाईट २५.४ आणि ५६, गॅस ५.९ आणि ३३. वर्षाला आमचं लाईट २४०० युनिट जातं आणि गॅस ९८००.

हिशोबी_काका
रीडिंगकर, आकडे दिलेत ते बरं केलंत, लोक नुसतं "बिल वाढलं" म्हणतात आणि मदत मागतात.

जुन्या दराने वर्षाचे साधारण १३८६ होत होते, महिन्याला ११५ च्या आसपास, म्हणून ११८ ठीक होतं. नवीन दराने १५१३, म्हणजे महिन्याला १२६. ऑक्टोबर २०२५ च्या कॅपचा सरासरी दर लावला (लाईट २६.३५ आणि ५३.६८, गॅस ६.२९ आणि ३४.०३, तुमच्या भागात थोडं इकडेतिकडे) तर १५६९ येतात. म्हणजे व्हेरिएबलवर टाकलं असतं तर ५६ पौंड जास्तच गेले असते, न विचारता केलं तरी वाईट नाही केलं.

बातम्यांत या कॅपचा तो वर्षाला १७५५ पौंडांचा आकडा येतो त्याकडे बघू नका, तो लाईट २७०० आणि गॅस ११५०० युनिट जाळणाऱ्या घराचा आहे. कॅप बिलावर नसतो, युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर असतो, जास्त जाळलं तर जास्त भरायचं. स्टँडिंग चार्ज म्हणजे आपल्या महावितरणच्या बिलातला स्थिर आकारच समजा, घर बंद असलं तरी चालू. फरक एवढाच की तिकडे १०० युनिट, ३०० युनिट असे स्लॅब चढत जातात आणि इकडे पहिलं युनिट आणि तीनहजारावं युनिट एकाच भावात.

राहता राहिले १२६ चे १४९. १४ ऑक्टोबरच्या रीडिंगपुढे काय लिहिलंय, तुमचं का एस्टिमेटेड (कंपनीने अंदाजाने धरलेलं)?

कोल्हापूरची_लेक
फिक्स वरून आठवलं, आमच्या आई गेल्या जानेवारीत आल्या होत्या, मी सहज म्हणाले की आपलं फिक्स आहे. झालं. मी ऑफिसमधून येते तर थर्मोस्टॅट २५ वर, सगळे रेडिएटर कढत आणि आई खिडकी उघडून बसल्या आहेत कारण उकडतंय! म्हणे फिक्स आहे ना मग कशाला काटकसर. त्यांना वाटलं केबलवाल्यासारखं महिन्याचं ठरलेलं. भाव फिक्स असतो आई, बिल नाही, हे समजवेपर्यंत स्मार्ट मीटरच्या त्या छोट्या डबीवर लाल दिवा 🤦‍♀️

रीडिंगकर
काका तुम्ही बरोबर पकडलंत. एस्टिमेटेड लिहिलंय. आमचा स्मार्ट मीटर गेल्या हिवाळ्यापासून रीडिंग पाठवत नाही, तक्रार करून कंटाळलो. आत्ता जिन्याखालच्या कपाटात मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून बघून आलो (व्हॅक्युम क्लीनर, बॅगा, मागच्या वर्षीचा आकाशकंदील सगळं बाहेर काढायला लागलं), लाईट ३१२०७ आहे आणि त्यांनी १४ तारखेला ३१४८२ धरलंय. गॅस ५८७१ आणि त्यांनी ५९३४. म्हणजे आज नोव्हेंबरात जेवढं आहे त्यापेक्षा त्यांनी ऑक्टोबरात जास्त धरलंय, घर बंद असताना!

हिशोबी_काका
मग झालं ना. लाईटचे २७५ युनिट जास्त. गॅसचा मीटर घनमीटरमधे असतो, ६३ गुणिले साधारण ११.२ म्हणजे ७०० च्या वर युनिट. दोन्ही मिळून शंभरेक पौंड तुमच्या नावावर उगाच चढलेत आणि त्यांच्या कॉम्प्युटरला वाटतंय या घराचा वापर वाढला, म्हणून डीडी १४९. आजचं रीडिंग ॲपवर टाका, मीटरचा फोटो काढून ठेवा, तारीख दिसू दे.

तिरकस
थांबा थांबा. १४ तारखेपर्यंत जास्त युनिट धरले म्हणजे ते जुन्या स्वस्त दराने लागले ना? मग तसंच ठेवलं तर फायदाच की, पुढचे २७५ युनिट जुन्या भावात 😏

हिशोबी_काका
फायदा किती तर लाईटचे सहा आणि गॅसचे साडेतीन, धरा दहा पौंड. त्यासाठी चुकीचा आकडा चालवून घ्यायचा, महिन्याला २३ पौंड जास्त भरायचे आणि कंपनी बदलताना शेवटच्या रीडिंगवरून भांडत बसायचं. हवं तर करा.

स्लावकट्टा
काकांशी सहमत. आणि रीडिंगकर, एक्झिट फी नाही म्हणजे आत्ताच बाजारात बघून घ्या, हा टॅरिफ तात्पुरता थांबायला बरा, वर्षभर बसून राहायला नाही. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर पाचेक कामाच्या दिवसांत बदल होतो, घेतल्यापासून १४ दिवस मत बदलायचीही मुभा असते. फक्त तिकडे एक्झिट फी बघा, माझ्याकडे लाईट आणि गॅसला प्रत्येकी ५० पौंड आहे. मीटरची लेखी तक्रार करा, आठ आठवड्यांत निकाल नाही लागला तर एनर्जी ओम्बड्समनकडे (कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, आपल्याला फुकट आहे.

रीडिंगकर
अपडेट: रीडिंग टाकल्यावर दोन दिवसांत नवीन बिल आलं, शंभर पौंडाला दोनच कमी एवढं क्रेडिट दिसतंय. चॅटवर डीडी १२६ करून घेतला, पोरगी म्हणत होती सिस्टीम १४९ च सुचवते, मी काकांचा हिशोब जसाच्या तसा चिकटवला. आपले आकडे घालून शोधलं तर दुसरीकडे १४६० चं फिक्स दिसतंय, वर्षाला पन्नास पौंड कमी, पण एक्झिट फी ५० अधिक ५० आहे आणि मार्चमधे घर बदलायचा विचार चाललाय. त्यामुळे तूर्तास इथेच. मीटरवाला गुरुवारी ८ ते १२ मधे येतो म्हणालाय, कपाटातलं सामान तोपर्यंत हॉलमधेच राहील.